हबल यांचा १९२९ चा आलेख : प्रवेशिक पदार्थविज्ञानातील मापनविचाराची एक चिकित्सा

१

पदार्थविज्ञानाच्या प्रवेशिक पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण सामान्यतः मापनाचे असते. त्यात राशी, एकके, लघुतम माप, सार्थक अंक, मापनदोष आणि शेवटी आलेख अशा क्रमाने विषय मांडलेले असतात. पुढील प्रकरणांत गतीचे नियम आले की हे पहिले प्रकरण मागे पडते. त्यातील एकके उत्तरपत्रिकेत गुण राखण्यासाठी, मापनदोष प्रयोगवहीतील एक ओळ भरण्यासाठी आणि आलेख त्या वहीची डावी बाजू सजविण्यासाठी उरतात. पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याच्या मनातही या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून अलगच राहतात, असे आढळते. एकक म्हणजे संख्येमागे जोडावयाचा शब्द. दोष म्हणजे ‘अधिक-उणे’ या चिन्हापुढील आकडा. आलेख म्हणजे बिंदूंतून ओढावयाची रेषा.

ही विभागणी केवळ अध्यापनाची गैरसोय आहे की तीमुळे विचारातच दोष उत्पन्न होतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचा निर्णय प्रयोगशाळेतील नित्याच्या उदाहरणांवरून लावणे कठीण असते. कारण तेथे उत्तर आधीच ठाऊक असते. गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ यावयाचे, हे विद्यार्थी लंबक टांगण्यापूर्वीच जाणतो. म्हणून ज्याचे उत्तर काढणाऱ्यालाही ठाऊक नव्हते असा एखादा आलेख परीक्षेस घेणे अधिक फलदायी होईल. एडविन हबल यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेला दीर्घिकांच्या वेग-अंतराचा आलेख हे असे उदाहरण होय. त्याचे गणित त्रैराशिकापलीकडे जात नाही. तरीही मापन, एकक आणि आलेख यांच्या परस्परसंबंधाचा जवळजवळ प्रत्येक मुद्दा त्यात सापडतो. आणि त्यातील एका चुकीचे मोल विश्वशास्त्राला पाव शतकाहून अधिक काळ मोजावे लागले.

२

हा लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आला. त्याची पृष्ठे अवघी सहा. विषय असा, की दीर्घिकांचा दृष्टिरेषेतील वेग आणि त्यांचे अंतर यांत काही संबंध आहे काय? ज्यांची अंतरे स्वतंत्रपणे अंदाजता आली होती अशा २४ दीर्घिकांची एक सारणी हबल यांनी दिली. वेग बहुतांशी व्ही. एम. स्लायफर यांनी वर्णपटावरून पूर्वीच मोजलेले होते. अंतरे मुख्यतः माउंट विल्सन वेधशाळेतील हबल यांच्या स्वतःच्या कामावर आधारलेली होती. क्ष-अक्षावर अंतर पार्सेकमध्ये, शून्यापासून वीस लक्षांपर्यंत, य-अक्षावर वेग. बिंदू बरेच विखुरलेले, आणि त्यांतून जाणाऱ्या दोन सरळ रेषा : दीर्घिका एकेकट्या धरून काढलेली अखंड रेषा व त्यांचे नऊ गट करून काढलेली तुटक रेषा. पहिल्या रेषेचा चढ ४६५ ± ५० आणि दुसरीचा ५१३ ± ६०, दर दशलक्ष पार्सेकला किलोमीटर प्रतिसेकंद या एककात. दोहोंचा मेळ घालून सुमारे ५०० हे मूल्य रूढ झाले.

असाच संबंध जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली सिद्धान्ताच्या अंगाने मांडला होता. त्याची दखल घेऊन आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने २०१८ साली या नियमास हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली. तो अग्रमानाचा प्रश्न येथे बाजूस ठेवावयाचा आहे. येथे विचार केवळ आलेखाचा, आणि तो वाचावयाच्या रीतीचा.

३

आलेख पाहताच पहिली त्रुटी दिसते ती य-अक्षावर. तेथे वेगाचे आकडे आहेत, पण त्यांपुढे केवळ ‘किलोमीटर’ असे लिहिलेले आहे. ‘प्रतिसेकंद’ हा भाग गळलेला आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने असा अक्ष काढला असता तर परीक्षकाने निःसंशय गुण कापला असता.

यावर कोणी म्हणेल की हा आक्षेप क्षुल्लक आहे. लेखाच्या सारणीत व मजकुरात एकक पूर्ण दिलेले आहे, वाचणारे सर्व तज्ज्ञ होते आणि या गळतीमुळे कोणाचीही दिशाभूल झाल्याचे दिसत नाही. हे म्हणणे मान्य करावयास हवे. परंतु त्यातूनच एक उपयुक्त प्रश्न निघतो : दिशाभूल होत नसेल तर अक्षावर एकक लिहावयाचे कशासाठी?

याचे उत्तर राशीच्या मूळ कल्पनेत आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ च्या आपल्या विद्युत्-चुंबकत्वावरील ग्रंथाचा आरंभच या विचाराने केला आहे. प्रत्येक राशीच्या मांडणीत दोन घटक असतात : एक प्रमाण म्हणून घेतलेली त्याच जातीची राशी, आणि ती किती वेळा घेतली हे सांगणारी संख्या. राशी हा या दोहोंचा गुणाकार होय. कागदावर मात्र राशी मांडता येत नाही. मांडता येते ती केवळ संख्या. अक्षावरील ‘५००’ ही खूण वेग नव्हे; वेगाला किलोमीटर प्रतिसेकंद या एककाने भागून आलेली ती शुद्ध संख्या आहे. अक्षाचे नाव हे त्या भागाकाराचे विधान असते. ते अपुरे राहिले तर बिंदू चुकत नाहीत. बिंदूंपासून राशीकडे परतावयाची वाट तेवढी पुसली जाते.

या वाटेचे महत्त्व बिंदू वाचताना जाणवत नाही, चढ काढताना जाणवते. चढ म्हणजे य-राशीतील फरक भागिले क्ष-राशीतील फरक. म्हणजेच त्यालाही एकक असते. प्रवेशिक वर्गात मात्र चढाची व्याख्या रेषेने क्ष-अक्षाशी केलेल्या कोनाचे ‘टॅन’ अशी पाठ होते, आणि मग कोनमापक घेऊन तो कोन मोजणारे विद्यार्थीही आढळतात. गणिताच्या पुस्तकात, दोन्ही अक्षांवर एकच मापश्रेणी असताना, ही व्याख्या निर्दोष असते. पदार्थविज्ञानाच्या आलेखात तिला अर्थ नाही. कारण एका अक्षावरील एक सेंटिमीटर म्हणजे दशलक्ष पार्सेक आणि दुसऱ्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे पाचशे किलोमीटर प्रतिसेकंद असू शकतो. कागद बदलला की कोन बदलतो. निसर्ग बदलत नाही. कोनाला एकक नाही म्हणून त्या कोनाचे ‘टॅन’ही नुसती संख्या. हबल यांच्या रेषेचा चढ नुसती संख्या मानला तर त्या आलेखाचा सर्वांत मोठा निष्कर्ष हातचा जातो. तो कसा, हे पुढे दिसेल.

४

त्याआधी बिंदूंकडे वळणे इष्ट. प्रवेशिक प्रकरण असे गृहीत धरते की क्ष-अक्षावर ‘स्वतंत्र’ राशी घ्यावयाची, ती प्रयोगकर्त्याने स्वतः ठरविलेली असते व म्हणून जवळजवळ निर्दोष असते. दोष काय तो य-अक्षावर शोधावयाचा. हबल यांच्या आलेखात स्थिती नेमकी उलट आहे. वेग हे वर्णरेषांच्या स्थानांतरावरून थेट मोजलेले आहेत. तेही निर्दोष नव्हते. देवयानी दीर्घिकेचा वेग सारणीत उणे २२० किलोमीटर प्रतिसेकंद आहे, तर आजचे मूल्य उणे ३०० च्या आसपास आहे. कन्या समूहातील चार दीर्घिकांच्या वेगांत आजच्या मूल्यांशी ताडता शेकडा दोनपासून शेकडा चाळिसाच्या आतला फरक दिसतो. पण अंतरांची गोष्ट टक्क्यांची नाही, पटींची आहे.

अंतरे एकाच रीतीने काढलेली नाहीत. पहिल्या सात दीर्घिकांची अंतरे सर्वांत विश्वसनीय. त्यांत सेफीड जातीच्या रूपविकारी ताऱ्यांचा आधार प्रमुख होता. या ताऱ्यांचा आवर्तकाल व तेजस्विता यांतील संबंध हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ साली दाखविला होता. पुढील तेरा दीर्घिकांत असे तारे दिसत नव्हते. म्हणून प्रत्येक दीर्घिकेतील सर्वांत तेजस्वी ताऱ्यांची तेजस्विता सारखीच असते, असे मानून अंतर काढले. शेवटच्या चार कन्या समूहातील. त्यांचे अंतर समूहातील दीर्घिकांच्या तेजस्वितेच्या वाटणीवरून व काही सर्पिल दीर्घिकांतील ताऱ्यांवरून ठरविले. म्हणजे क्ष-अक्षावरील मोजपट्टी तीन तुकडे जोडून केलेली आहे, आणि प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या भरवशावर उभा आहे.

आजची मूल्ये शेजारी मांडली की या मोजपट्टीचे स्वरूप स्पष्ट होते. मोठ्या मॅगेलनी मेघाचे अंतर सारणीत ०.०३४ दशलक्ष पार्सेक आहे. आज ते सुमारे ०.०५० मानले जाते. फरक दीडपट. देवयानी दीर्घिकेचे ०.२७५, आज सुमारे ०.७७. फरक जवळजवळ तिप्पट. कन्या समूहातील एन. जी. सी. ४४८६ चे २.०, आज १६ ते १७. फरक सुमारे आठपट. दूर जावे तशी पट्टी अधिकाधिक आखूड अंतर दाखवीत होती.

विखुरण्याचा प्रश्नही असाच बोधप्रद आहे. कन्या समूहातील चारही दीर्घिका एकाच अंतरावर, २० लक्ष पार्सेकवर, मांडलेल्या आहेत. त्यांचे सारणीतील वेग ५००, ८५०, ८०० आणि १,०९० आहेत. एकेका दीर्घिकेवरून चढ काढला तर तो २५० ते ५४५ असा कोठेही येईल. विद्यार्थी अशा विखुरण्यास सहजपणे ‘मापनदोष’ म्हणतो. ते अर्धसत्य आहे. काही भाग मापनाचा दोष आहे खरा. पण समूहातील दीर्घिका परस्परांच्या आकर्षणाने खरोखरच निरनिराळ्या वेगांनी फिरत असतात. तो भाग निसर्गाचा आहे, मोजणाऱ्याचा नव्हे. अधिक चांगल्या उपकरणाने पहिला कमी होईल. दुसरा अधिक स्पष्ट दिसू लागेल. प्रवेशिक प्रकरणात या दोहोंना एकच नाव मिळते आणि विद्यार्थी निसर्गातील वैविध्याला आपल्या हाताची चूक समजू लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. आलेखावरील वेग हे सारणीतील वेग नव्हेत. सूर्याच्या स्वतःच्या गतीचा परिणाम वजा करून ते मांडलेले आहेत, आणि ती सूर्यगती चढाबरोबरच त्याच २४ दीर्घिकांवरून काढलेली आहे. तात्पर्य, आलेखावरील बिंदू म्हणजे कच्चे निरीक्षण, हा समजही टिकत नाही. हबल यांनी दुरुस्ती केल्याचे आलेखाखाली स्पष्ट नमूद केले आहे. ही त्यांची सचोटी अनुकरणीय होय.

५

आता चढाच्या एककाकडे परतावे. किलोमीटर प्रतिसेकंद दर दशलक्ष पार्सेक, हे एकक दिसण्यास अवघड असले तरी त्यात लांबी दोनदा आली आहे, एकदा वर व एकदा खाली. एक दशलक्ष पार्सेक म्हणजे १० च्या १९ व्या घाताच्या ३.०८६ पट किलोमीटर. लांबीने लांबी कटली की उरतो तो केवळ काल, तोही छेदात. म्हणजे या चढाचा व्यस्त हा एक कालावधी आहे. ५०० या मूल्यावरून तो सुमारे २ अब्ज वर्षे येतो. सर्व दीर्घिका आजच्याच वेगाने दूर जात आल्या असे धरले तर त्या एकत्र असल्यास किती काळ लोटला, हे तो कालावधी सांगतो.

येथे एककाने स्वतःहून एक प्रश्न उभा केला. किरणोत्सर्गावरून खडकांचे व पृथ्वीचे वय काढण्याचे काम तेव्हा चालूच होते. ते मूल्य वाढत वाढत १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांच्या मापनाने ४.५५ अब्ज वर्षांवर स्थिरावले. पृथ्वी विश्वाहून वयस्क ठरत होती. वेगाच्या आलेखाचा आणि खडकातील शिशाचा एरवी काय संबंध? तो संबंध फक्त मितींनी जोडला. चढ ही नुसती ‘५००’ संख्या मानणाऱ्याला ही विसंगती दिसणेच शक्य नव्हते.

या विसंगतीचा परिणाम लहान नव्हता. १९४८ साली हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड व फ्रेड हॉइल यांनी स्थिर-स्थिती सिद्धान्त मांडला, त्यामागील प्रेरणांपैकी एक ही कालमानाची अडचण होती. त्या सिद्धान्तात विश्वाला आरंभच नाही. म्हणून वयाचा प्रश्नही नाही. पुढे १९६० च्या दशकात केंब्रिज येथे हॉइल यांच्यासह या परंपरेत काम करणारे जयंत नारळीकर मराठी वाचकांस सुपरिचित आहेत. १९६५ मधील सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाच्या शोधानंतर या सिद्धान्ताचा पाठिंबा ओसरला. पण एका आलेखाच्या चुकलेल्या चढामुळे सिद्धान्तकारांपुढे किती गंभीर पेच उभा राहू शकतो, हे या प्रकरणातून दिसते.

६

चूक कोठे होती, हे हळूहळू कळले. १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी रोम येथील खगोलीय संघाच्या अधिवेशनात दाखविले की सेफीड ताऱ्यांचे दोन वर्ग आहेत आणि देवयानीपर्यंतचे अंतर मानले होते त्याच्या सुमारे दुप्पट आहे. १९५६ साली ह्यूमासन, मेयॉल व सँडेज यांच्या मोठ्या संकलनातून चढ सुमारे १८० आला. १९५८ साली ॲलन सँडेज यांनी दाखविले की ज्यांस सर्वांत तेजस्वी तारे समजले होते त्यांतील बरेच वस्तुतः तप्त वायूचे मेघ होते. त्यावरून मूल्य ७५ च्या आसपास उतरले. आजची मूल्ये ६७ ते ७३ च्या दरम्यान आहेत, आणि त्यांचा व्यस्त सुमारे १४ अब्ज वर्षे येतो. वयाची विसंगती अशा रीतीने मिटली.

आता मूळचे ‘४६५ ± ५०’ पुन्हा वाचावे. खरे मूल्य या आकड्यापासून ± मधील आकड्याच्या सुमारे आठपट दूर होते. मग ± लिहिण्यात हबल यांची चूक झाली काय? नाही. त्या चिन्हाने जे सांगावयाचे ते त्याने बरोबर सांगितले : बिंदू रेषेभोवती किती विखुरलेले आहेत व त्यामुळे रेषा किती हलू शकेल. मोजपट्टी खरी आहे की खोटी, हे त्याला विचारलेच नव्हते, आणि विचारून त्याला सांगताही आले नसते. नऊ गट करून काढलेले ‘५१३ ± ६०’ पहिल्या उत्तराशी जुळले. पण दोन्ही उत्तरे एकाच पट्टीने मोजलेली होती. त्यांचे जुळणे म्हणजे एकाच साक्षीदाराने दोनदा दिलेली साक्ष होय.

प्रवेशिक प्रकरणातील सर्वांत मोठी उणीव येथे उघडी पडते. तेथे दोषाचे प्रकार सांगितलेले असतात, पण कोणता दोष आलेखावर कोठे दिसतो आणि कोठे दिसतच नाही, हे सांगितलेले नसते. ते सांगण्यास दीर्घिकांची गरज नाही. प्रयोगशाळेतील साधा लंबक पुरेसा आहे.

लंबकाच्या आवर्तकालाचा वर्ग हा लांबीच्या सम प्रमाणात असतो. चढ सुमारे ४ चौरस सेकंद प्रति मीटर. समजा, विद्यार्थ्याने लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता दोरा जेथे गोळ्यास बांधला आहे तेथपर्यंतच मोजली, आणि गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर आहे. गुरुत्वत्वरणाचे मूल्य प्रत्येक निरीक्षणावरून सूत्राने काढले तर २५ सेंटिमीटरला ९.४२, ५० ला ९.६१ आणि १०० ला ९.७० असे येईल. तिन्हींची सरासरी ९.५८. ही सरासरी कितीही निरीक्षणे घेतली तरी सुधारणार नाही; कारण दोष प्रत्येक निरीक्षणात एकाच दिशेचा आहे. पण आलेख काढला तर तिन्ही बिंदू एका सरळ रेषेवर येतात. रेषेचा चढ अगदी बरोबर, ९.८ देणारा; फक्त रेषा आरंभबिंदूतून न जाता य-अक्षावर ०.०४ चौरस सेकंद इतका अंतःखंड घेते. क्ष-अक्षाच्या उणे बाजूस ती १ सेंटिमीटरवर छेदते, म्हणजे विसरलेली त्रिज्याच दाखवून देते. शून्यदोष अंतःखंडात जाऊन बसतो आणि चढ सुरक्षित राहतो. प्रयोगवहीत अशी रेषा ‘आरंभबिंदूतून जावयास हवी’ म्हणून ओढून तेथून नेली जाते, तेव्हा आलेखाने केलेले उपकार विद्यार्थी स्वतःच पुसून टाकतो.

आता दुसरा दोष घ्यावा. स्टॉपवॉच शेकडा १ ने मागे पडते. सर्व आवर्तकाल शेकडा १ ने कमी, त्यांचे वर्ग शेकडा २ ने कमी. बिंदू तितकेच सरळ रेषेत, अंतःखंड जागच्या जागी, विखुरणे पूर्वीइतकेच. आणि गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी १०.०. या प्रमाणदोषाविषयी आलेख संपूर्ण मौन पाळतो. तो ओळखण्यास एकच उपाय : ते घड्याळ दुसऱ्या, स्वतंत्र घड्याळाशी ताडून पाहणे. हबल यांचा मुख्य दोष या दुसऱ्या जातीचा होता. देवयानीच्या ताऱ्यांचे दोन वर्ग असल्याचे बाडे यांनी दाखविले तेव्हा घड्याळ ताडून पाहिले गेले. खडकांतील शिशाने ते मागे पडते असा संशय आधीच निर्माण केला होता.

अर्थात साम्य पूर्ण नाही. स्टॉपवॉचचा दोष सर्वत्र सारखा. हबल यांची पट्टी मात्र दीडपटीपासून आठपटीपर्यंत बदलत होती. अंतर वाढावे तसा दोष वाढला तर खरी सरळ रेषाही आलेखावर वरच्या बाजूस वाकलेली दिसावयास हवी. ती तशी दिसली नाही, याचे कारण शेकडो किलोमीटरच्या विखुरण्यात असला बाक लपून जाणे सहज शक्य होते. म्हणून हे म्हणणे प्राप्त आहे की १९२९ चा आलेख वेग अंतराबरोबर वाढतो हे दाखवितो. तो नेमका सरळ रेषेत वाढतो, हे त्या आलेखाच्या एकट्याच्या बळावर सिद्ध होत नाही. हबल यांनी स्वतः सरळ रेषेस मर्यादित अंतरापुरता पहिला अदमास म्हटले आहे. त्याच वेळी ह्यूमासन यांनी मोजलेला एन. जी. सी. ७६१९ चा ३,७७९ किलोमीटर प्रतिसेकंद हा वेग त्यांना आधारास मिळाला, आणि १९३१ साली दोघांनी मिळून हा संबंध सुमारे २०,००० किलोमीटर प्रतिसेकंदापर्यंत नेला. रेषेवरचा विश्वास वाढला तो या लांबलेल्या पल्ल्यामुळे.

७

येथवरच्या विवेचनावरून असा समज होऊ नये की हबल यांच्या कामाचे मोल कमी करावयाचे आहे. उलट त्यांच्या आलेखाचे सामर्थ्य असे की त्याची मोजपट्टी सात-आठपट चुकली तरी त्याने दाखविलेली दिशा चुकली नाही. मोजपट्टी बदलली की चढाचे मूल्य बदलते. दूरच्या दीर्घिका अधिक वेगाने दूर जातात, हे बदलत नाही. कोणता निष्कर्ष मोजपट्टीवर अवलंबून आहे आणि कोणता नाही, हे वेगळे करता येणे हीच आलेख वाचण्याची खरी विद्या होय.

एक आक्षेप मात्र विचारात घेतला पाहिजे. नवशिक्याला आरंभीच इतका भार नको, प्रथम मोजपट्टी व व्हर्निअर हाताळू द्यावे, चिकित्सा पुढे करता येईल, असे अनुभवी अध्यापक म्हणतात. हाताळण्याचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु ‘पुढे’ ही वेळ सहसा येत नाही. पुढील वर्षांत गणित वाढते, उपकरणे गुंतागुंतीची होतात आणि आलेख यंत्रच काढून देते. चढ व त्यापुढील ± दोन्ही तयार मिळतात. यंत्राने दिलेला ± हाही बिंदूंच्या विखुरण्याचाच असतो. ज्याने लंबकाच्या आलेखात शून्यदोष आणि प्रमाणदोष वेगळे पाहिले नाहीत, तो त्या तयार आकड्याला सत्याची हमी समजेल. २४ ओळींची सारणी, आलेख कागद आणि एक दुपार एवढ्यावर हा पाठ प्रथम वर्षातही होऊ शकतो.

एककांच्या व्याख्यांबाबतही याच दृष्टीने फेरविचार व्हावयास हवा. मीटर १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावरून आणि किलोग्रॅम २० मे २०१९ पासून प्लांकच्या स्थिरांकावरून व्याख्यात झाला आहे. पार्सेकही २०१५ च्या खगोलीय संघाच्या ठरावाने तंतोतंत निश्चित आहे. विद्यार्थी या व्याख्या पाठ करतो आणि नकळत असे समजतो की एकक निश्चित झाले म्हणजे मापन निश्चित झाले. पार्सेकमध्ये आज कसलीही अनिश्चितता उरलेली नाही. एखाद्या दीर्घिकेपर्यंत किती पार्सेक, यात मात्र आहे. एककाची निश्चिती हा ताडून पाहण्याचा पाया आहे. ताडून पाहण्याचे काम त्याने संपत नाही.

ते संपलेले नाही याचा पुरावा हाच चढ पुन्हा देत आहे. प्लांक उपग्रहाच्या पार्श्वप्रारणाच्या निरीक्षणांवरून, एका विश्वप्रतिमानाच्या आधारे, २०१८ साली ६७.४ ± ०.५ हे मूल्य निघाले. सेफीड तारे व अधिनवतारे यांच्या अंतरसोपानावरून २०२२ साली ७३.० ± १.० हे निघाले. दोन्हींचे ± लहान आहेत, आणि दोन्ही मूल्ये एकमेकांच्या ± मध्ये येत नाहीत. एखादी मोजपट्टी अजून खोटी आहे, की प्रतिमानात काही उणे आहे? निर्णय होण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न तेच आहेत : अक्षावरील संख्या कोणत्या राशीला कोणत्या एककाने भागून आली? ती मोजली की अनुमानली? विखुरणे निसर्गाचे की उपकरणाचे? आणि ± चिन्ह नेमके कशाविषयी बोलते व कशाविषयी गप्प राहते? हे प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाचे आहेत. ते तेथे विचारले जात नाहीत तोवर ते प्रकरण प्रस्तावनेसारखे ओलांडले जाईल, आणि पुढील प्रकरणांतील प्रत्येक आकडा विद्यार्थी पारखल्यावाचून स्वीकारील.